पत्रकातली न छापलेली ओळ कशी वाचायची

२०१७ ची नागपूर महापालिकेची निवडणूक. चार-चार सदस्यांचे प्रभाग झाले होते, त्यामुळे एका पत्रकावर चार फोटो, चार नावं, खाली अ, ब, क, ड. महाल भागात बडकस चौकापासून थोडं आत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर लावून देण्याचं, दुकान होतं. एका पॅनलचं परिचयपत्रक मी लावलं आणि प्रूफ दिलं. संध्याकाळी कार्यकर्ता परत आला. लाल पेनानं दोनच दुरुस्त्या होत्या. 'अ' म्हणजे अनुसूचित जातीच्या जागेवरच्या उमेदवाराचं आडनाव खोडलेलं, राहिलं फक्त नाव आणि वडिलांचं नाव. आणि 'ब' जागेवरच्या बाईंच्या नावाखाली त्यांच्या नवऱ्याचं लोकांत चालणारं नाव, 'भाऊ' लावून, बाईंच्या नावापेक्षा मोठ्या टाइपात.

"भाऊ, आडनाव काहून काढून राहिले?" मी विचारलं.

"ताई, पाच हजार असे छापा, पाच हजार आडनावाचे. वस्तीत आडनावाचे जातील, कॉलनीत हे."

दोन मिनिटांचं काम होतं. मी ते करून दिलं. कागद मशीनवर गेला आणि मला झोप आली नाही.

बावीस वर्षं मी निवडणुकीचा मजकूर लावला. त्यात एकदाही कोणी जातीवरून शिवी छापायला आणली नाही, बाईला उघड अपशब्द छापायला आणला नाही. तरी जात आणि बाईपण दर निवडणुकीत माझ्या स्क्रीनवरून गेलं: खोडलेल्या आडनावातून, टाइपाच्या आकारातून, एखाद्या साध्याशा विशेषणातून. आमचं घर कोष्ट्यांचं, म्हणजे विणकरांचं, जातीच्या उतरंडीत मधलं, गोळीबार चौकाकडचं. म्हणून माझ्यासमोर सगळेच मोकळं बोलत. वरचे मला 'आपल्यातली' धरत, खालचेही. दोन्हीकडचं ऐकून मी जे वाचायला शिकले ते इथे सांगते. पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात पत्रक पडेल तेव्हा उपयोगी पडेल.

आधी कागद जपा, शब्द जसेच्या तसे लिहा

एक वही करा. पत्रक, बॅनरचा फोटो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला निरोप, कोपरा सभेतलं वाक्य, सगळं तीत तारखेसकट. वाक्य ऐकलं तसंच लिहायचं, आपल्या शब्दांत नाही. "ते जातीयवादी बोलले" असं लिहिलं तर उद्या त्याचा काही उपयोग नाही. "तो माणूस चांगला आहे, पण आपल्याकडे जमणार नाही" असं लिहिलं तर आहे.

प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी टिपा: कोण बोललं, कोणाबद्दल बोललं आणि कोणासमोर बोललं. तिसरी सगळ्यात मोलाची. "आपला माणूस निवडा" हे वाक्य बौद्ध वस्तीच्या इंदोऱ्यात, सिंधी वस्तीच्या जरीपटक्यात आणि मध्यमवर्गीय लक्ष्मीनगरात म्हटलं तर 'आपला' या शब्दात तीन वेगवेगळी माणसं येतात आणि तीन वेगवेगळी बाहेर राहतात. जो शब्द ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो, त्याच्याखाली रेघ मारा.

पत्रकाचा तळ बघायला विसरू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे लोकसभा-विधानसभा निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापावा लागतो. प्रकाशकाचं सही केलेलं घोषणापत्र दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीनं मुद्रकाकडे द्यावं लागतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळ्यात घाणेरडा मजकूर बिननावाच्या कागदावर येतो, तोही मतदानाच्या आदल्या रात्री. तळाशी नाव नसेल तर तो कागद आधी बाजूला काढून ठेवा. अशी दोन कामं मी दारातूनच परत पाठवली आहेत.

नाव बदलून वाचा

ही माझी मुख्य रीत. वाक्य तेच ठेवायचं, उमेदवाराचं नाव बदलायचं आणि मोठ्यानं वाचायचं. जीभ अडखळली की समजायचं, तिथे काहीतरी आहे.

त्याच पत्रकात 'क' जागेवरचे उमेदवार एम.कॉम. होते. त्यांच्यापुढे छापायला दिलं होतं, 'उच्चशिक्षित, सुसंस्कृत घराण्यातील, अभ्यासू नेतृत्व'. 'अ' चे उमेदवारही एम.कॉम. होते. त्यांच्यापुढे होतं, 'तळागाळातील, संघर्षशील, वस्तीचा सेवक'. शिक्षण तेच, पदवी तीच. मी विशेषणांची अदलाबदल करून पाहिली. 'सुसंस्कृत घराण्यातील' हे शब्द 'अ' पुढे लावल्यावर कार्यकर्ता म्हणाला, "ताई, ते नाही शोभत." का शोभत नाही ते त्याला सांगता आलं नाही. मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आज विचारलं असतं.

याच रीतीनं काही शब्द पारखून बघा. एखाद्या कॉलनीनं जवळजवळ सगळी मतं एका पक्षाला दिली तर ती 'जागरूक' कॉलनी. इंदोऱ्यानं किंवा मुस्लिम वस्तीच्या मोमिनपुऱ्यानं तसं केलं की ते 'एकगठ्ठा मतदान'. कारखानदाराला मिळते ती सवलत, धान्य घेणारे मात्र 'फुकटे'. आणि 'कोट्यातला' हा शब्द तर इतका रुळला आहे की सज्जन माणसंही तो वापरतात. उत्तर नागपूर विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे; तिथून निवडून येणारा माणूस सगळ्या जातींच्या मतदारांच्या मतांवर येतो आणि सगळ्यांचा आमदार असतो. कोट्यातली असते ती जागा. माणूस मतांनी येतो.

दुसरी बाजूही तपासा. खुल्या जागेवर अनुसूचित जातीचा उमेदवार उभा राहिला की कुजबुज होते, "त्यांची जागा आहे ना, आपल्या जागेवर काहून?" खुली जागा कोणा एका समाजाची नसते, ती सगळ्यांना खुली असते म्हणूनच खुली. "आपली जागा" हे दोन शब्द ज्याच्या तोंडून येतात त्याच्या डोक्यात प्रभागाची वाटणी आधीच झालेली असते. वहीत लिहून ठेवा.

बाईच्या पत्रकाला वेगळं बसा

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. त्यामुळे माझ्या स्क्रीनवर निम्मे फोटो बायकांचे. आणि त्या फोटोंखाली एक ओळ मी इतक्या वेळा लावली की ती श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी साठवून ठेवली होती: 'घर सांभाळून समाजकार्याची आवड'. एकाही पुरुषासाठी ती ओळ कोणी मागितली नाही.

बाईच्या पत्रकात तीन जागा बघा. पहिली, फोटोचा आकार: नवऱ्याचा, सासऱ्याचा किंवा नेत्याचा फोटो तिच्यापेक्षा मोठा आहे का? दुसरी, संपर्काचा मोबाइल नंबर: तो तिचा आहे का? मी लावलेल्या कित्येक पत्रकांवर तो मिस्टरांचा होता. तिसरी, तिची ओळख कशी दिली आहे: कन्या, सून, ताई, पत्नी. तिची पदवी, तिनं चालवलेला बचत गट, वॉर्डात तिनं लढून करून घेतलेली गडर (गटार) लाइन हे कुठे आहे? नात्याचं नाव वाईट नाही. 'ताई' म्हणून मलाच अख्खं महाल ओळखतं. पण नात्याशिवाय दुसरं काही छापलंच नसेल तर पत्रक तुम्हाला सांगत आहे की काम दुसराच कोणी करणार आहे.

हे झालं छापलेलं. न छापलेलं पानठेल्यावर चालतं. "तिकीट कसं मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे." "एकटीच राहते म्हणे." "रात्री अकरापर्यंत मीटिंगा काय करते?" तिथे तिच्या एकाही कामाबद्दल, एकाही आश्वासनाबद्दल बोलणं नसतं. 'तिकीट कसं मिळालं' हे पुरुषाबद्दल म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या मनात पैसा येतो. बाईबद्दल म्हटलं की काय येतं, ते बोलणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

दलित बाई उभी राहिली की दोन्ही गोष्टी एकदम सुरू होतात. तावातावानं बोलणारा पुरुष 'रोखठोक', ती बोलली तर 'तोंडाळ', 'भांडखोर'. नीटनेटकी राहिली तर "बघा आता कशी राहून राहिली", साधी राहिली तर "हिला कोण विचारणार?" याच नागपुरात २० जुलै १९४२ ला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. आंबेडकर हजर होते, हजारोंनी बायका आल्या होत्या. घटस्फोटाच्या हक्काचा आणि प्रातिनिधिक संस्थांमध्ये स्त्रियांसाठी राखीव जागांचा ठराव त्यांनी केला. ज्या गावात त्या बायका १९४२ मध्ये हे मागत होत्या, तिथे आज त्यांची नात उभी राहिली की ती "कोणाच्या जोरावर" हे विचारलं जातं. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

इथे एक चूक आपल्याच बाजूनं होते. अशा एका उमेदवार बाईंबद्दल अफवा उठली तेव्हा त्यांचे कार्यकर्ते घरोघर सांगत फिरले, "ती तशी नाही हो, चांगल्या घरची आहे." म्हणजे बाईला चारित्र्यानं मोजायचं हेही मान्य केलं आणि घराणं चांगलं-वाईट असतं हेही. मोजपट्टी विरोधकाचीच, फक्त माप वेगळं सांगितलं. असा बचाव करू नका. "त्यांच्या चारित्र्याचा आणि आपल्या नळाचा काय संबंध, ते सांगा" म्हणा आणि तिच्या कामावर या.

हे इथलंच आहे असं नाही

माझी मुलगी राज्यशास्त्र शिकवते. तिनं मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली, तेव्हा माझ्या लाल पेनाच्या दुरुस्त्या मला पुन्हा दिसल्या. अध्यक्ष रेगन यांच्या व्हाइट हाउसमधले राजकीय सल्लागार ली ॲटवॉटर यांनी १९८१ मध्ये एका अभ्यासकाला हे मोकळेपणानं सांगितलं: १९५४ मध्ये काळ्या लोकांना शिवी देऊन मतं मागता येत होती, १९६८ पर्यंत ती शिवी अंगावर उलटायला लागली, म्हणून मग काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून शाळकरी मुलांना केलेली 'सक्तीची बस', 'राज्यांचे हक्क' असं बोलायचं, पुढे तर नुसतं करकपातीवर बोलायचं, ज्यात काळ्यांचं नुकसान गोऱ्यांपेक्षा जास्त होतं. शब्द जितका निर्जीव, तितकं अंग सुटतं.

१९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार मायकल डुकाकिस यांच्याविरुद्ध विली हॉर्टन या कैद्याची जाहिरात चालली. डुकाकिस गव्हर्नर होते त्या राज्यातल्या तुरुंगातून सुट्टीवर सोडलेल्या या खुन्यानं बाहेर बलात्कार केला होता. जाहिरातीत वंश हा शब्द एकदाही नव्हता. फोटो काळ्या माणसाचा होता आणि तेवढं पुरेसं होतं. प्रिन्स्टनच्या ताली मेंडेलबर्ग यांनी या निवडणुकीचा अभ्यास केला. काळ्यांचे नेते जेसी जॅक्सन यांनी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे 'हा वंशवाद आहे' म्हटल्यावर त्या प्रचाराचा जोर ओसरला, असं त्यांना आढळलं. नंतरच्या अभ्यासकांनी यावर वाद घातला आहे, आणि आता लोक उघड बोललेलंही चालवून घेतात असंही काहींना दिसलं. तरी माझा अनुभव मेंडेलबर्ग यांच्या बाजूचा आहे, निदान गल्लीच्या पातळीवर. झाकलेलं बोलणं उघड्यावर आणलं की बोलणारा चाचरतो.

तोंडानं काय म्हणायचं

त्याच निवडणुकीत आमच्या गल्लीतल्या एकानं ओट्यावर बसलेल्या चार-पाच बायकांना समजावून सांगितलं, "वहिनी, तीन बटणं आपली दाबा. अ चं तुमच्या मनानं."

"मनानं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे, तुम्ही समजदार आहा."

"नाही समजलं, भाऊ. बाकी तिघांचं मनानं काहून नाही?"

तो हसला. कोणी हसलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हो, सांग ना." तो "जाऊ द्या, उशीर होऊन राहिला" म्हणत उठला.

एवढंच करायचं असतं. आरोप करायचा नाही, 'तू जातीयवादी आहेस' म्हणायचं नाही. तसं म्हटलं की भांडण त्याच्या स्वभावावर जातं आणि वाक्य सुटतं. त्याच्याच वाक्याचा अर्थ त्याच्याच तोंडून काढायचा. 'म्हणजे काय?' हा प्रश्न दोनदा विचारा, शांतपणे, आणि चार लोकांसमोर. एकट्याला गाठून विचारलं तर तो खरं बोलेल, पण त्यानं काही बदलणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वेगळं वागा. वाईट निरोपाचा स्क्रीनशॉट 'बघा किती नीच आहेत' म्हणून पुढे पाठवू नका; तुम्ही तो आणखी दोनशे लोकांना वाचायला दिलात. आधी खरी माहिती लिहा, मग एका ओळीत त्या निरोपात काय सुचवलं आहे ते साध्या मराठीत मांडा आणि थांबा.

तुम्हाला एक उत्तर हमखास मिळेल: "जात तर तुम्हीच काढून राहिले." त्याची तयारी ठेवा. जातीवरून झालेल्या अन्यायाबद्दल उघड बोलणं आणि जात लपवून तिच्यावर मतं मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीक्षाभूमीचा स्तूप पत्रकावर छापून 'जय भीम' म्हणणं हा संकेत नव्हे, ती उघड ओळख आहे. दोन वस्त्यांत दोन पत्रकं वाटणं हा संकेत. अशा वेळी वाद घालू नका, दोन्ही पत्रकं समोर ठेवा.

कायद्याचं थोडक्यात

आचारसंहितेत जातीच्या किंवा धर्माच्या भावनेला आवाहन करून मतं मागायला मनाई आहे. त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे तो भ्रष्ट मार्ग ठरतो, आणि २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठानं चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की उमेदवाराचीच नव्हे, मतदाराची जात-धर्म काढून केलेलं आवाहनही यात येतं. बायकांबद्दलच्या वक्तव्यांवर निवडणूक आयोग अधूनमधून कडक होतो: एप्रिल २०२४ मध्ये भाजपचे दिलीप घोष आणि काँग्रेसच्या सुप्रिया श्रीनेत, दोघांनाही समज मिळाली, आणि त्याच महिन्यात हेमा मालिनींबद्दलच्या वक्तव्यावरून काँग्रेसचे रणदीप सुरजेवाला यांना ४८ तास प्रचारबंदी झाली. लोकसभा-विधानसभेच्या वेळी आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरून फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ पाठवता येतो. तो ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, आणि १०० मिनिटांत निकाल लावायचं बंधन आयोगानं स्वतःवर घेतलं आहे. महापालिका-जिल्हा परिषदेचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे असतं, तिथे तक्रार प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

पण खरं सांगायचं तर 'सुसंस्कृत घराणं' या शब्दांवर कोणतंही कलम लागत नाही. खोडलेल्या आडनावावर तर नाहीच. म्हणून वही.

निकालानंतर एक काम राहतं

चार सदस्यांच्या प्रभागात एक फार चांगली सोय आहे. एकाच पक्षाचे चार उमेदवार, एकाच केंद्रावर, त्याच मतदारांकडून मतं घेतात. केंद्रनिहाय आकडे मिळवा आणि चौघांची मतं शेजारी-शेजारी मांडा. एखाद्या केंद्रावर 'अ' किंवा बाईंची जागा बाकीच्यांपेक्षा फार खाली दिसली तर तिथे खूण करा. समोर तगडा अपक्ष असेल, उमेदवाराचंच काम वाईट असेल, तर तेही कारण असू शकतं. म्हणून एका केंद्रावरून निष्कर्ष काढू नका. सगळ्या केंद्रांवर तेच दिसतं की ठरावीक कॉलन्यांतच, ते बघा.

त्या पॅनलचे तिघं निवडून आले. 'अ' पडले. मी आकडे मांडले. वस्तीतल्या केंद्रांवर चौघांची मतं जवळपास सारखी होती. बिनआडनावाची पत्रकं जिथे गेली होती, तिथल्या केंद्रांवर ते मागे होते. आडनाव झाकूनही लोकांना कळलंच होतं.

महिन्याभरानं 'अ' चे उमेदवार दुकानात लेटरहेड करायला आले. मी ड्रॉवरमधून दोन्ही पत्रकं काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "दादा, हे मी लावलं होतं. मला त्याच दिवशी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता."

त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. "मला माहीत होतं, ताई," ते म्हणाले. "मलेच विचारलं होतं त्यांनी. मी हो म्हटलं."

मग त्यांनी वहीतल्या त्या आकड्यांच्या पानांची झेरॉक्स मागितली. मी करून दिली. पैसे घेतले नाहीत.